काटकसर आणि कसर

मोठेपणाचें कौतुक हा मनुष्याचा स्वभाव आहे, आणि पुष्कळ काळपर्यंत यंत्रांविषयींचें आपलें कौतुकही त्यांच्या आकाराशींच निगडित होतें. अजस्र चाक, उंच धुरांडें, धरणाची लांबच लांब भिंत हीं पाहून पाहणाराची छाती फुगे. अलीकडे मात्र ह्या अभिरुचीची दिशा उलटली आहे. आतां यंत्राची थोरवी त्याच्या लहानपणावर ठरते. जें काल टेबलावर मावत नव्हतें तें आज तळहातावर मावतें, आणि उद्यां तें बोटाच्या पेरावर मावावें अशी आपली अपेक्षा असते. लहान म्हणजे सुधारलेलें, आणि अधिक लहान म्हणजे अधिक सुधारलेलें, हें समीकरण आपल्या इतकें अंगवळणीं पडलें आहे कीं, त्याचा पुरावा मागण्याचें कोणास सुचतही नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही तो पुरावा मागणार आहों. लघुत्व हा वस्तूचा गुण आहे काय? असल्यास कोणत्या अर्थानें? आणि वस्तु लहान होतांना तिच्यांतून जें काढून घेतलें जातें, त्याचा भार पुढें कोण वाहतो? हा शेवटचा प्रश्न वरवर पदार्थविज्ञानाचा दिसतो. आमच्या मतें तो नीतिशास्त्राचाही आहे.

असले प्रश्न हवेंत सोडवूं गेल्यास हातीं शब्दांचे बुडबुडे मात्र लागतात. म्हणून आम्ही एक अगदीं क्षुद्र वाटणारी वस्तु उदाहरणादाखल घेतों. मोबाइल भारण्यासाठीं घरोघर जो चार्जर भिंतीवरच्या खोबणींत खोंवलेला असतो, त्याच्या पोटांत सुपारीएवढा एक चुंबकीय अवयव असतो. मातीच्या भांड्याप्रमाणें भाजून केलेल्या काळ्या, ठिसूळ पदार्थाचा गाभा आणि त्याभोंवतीं तांब्याच्या तारेचीं दोन स्वतंत्र वेटोळीं, एवढाच त्याचा संसार. ह्यालाच ट्रान्सफॉर्मर, अथवा आपल्या वीजखात्याच्या परिभाषेंत रोहित्र, म्हणतात. रस्त्याच्या कडेला खांबांवर बसविलेलें अवजड रोहित्र आणि ही सुपारी हीं दोन्ही एकाच कुळांतलीं. विजेच्या उपकरणांतील इतर अवयव झपाट्यानें लहान होत गेले. हिशेब करणारे अवयव तर नुसत्या डोळ्यांस दिसेनासे झाले. चुंबकीय अवयव मात्र अडून बसला, आणि आजही विजेचें रूप पालटणारें कोणतेंही यंत्र उघडून पाहिलें तर जागेचा व वजनाचा मोठा वांटा बहुधा त्याचाच असतो. तो सहजासहजीं लहान होत नाहीं, म्हणूनच लहान होण्याची खरी किंमत त्याच्यापाशीं स्पष्ट दिसते.

मायकेल फॅरडे ह्यानें २९ ऑगस्ट १८३१ रोजीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें लोखंडाच्या एका कड्यावर तारेचीं दोन वेटोळीं गुंडाळलीं. एकांतील प्रवाह सुरू अथवा बंद करतांच दुसऱ्यांत क्षणभर प्रवाह उमटतो, असें त्यास आढळलें. पुढें १८८५ सालीं बुडापेस्ट येथील गान्झ कारखान्यांत झिपर्नोव्स्की, ब्लाथी व डेरी ह्या तिघांनीं बंद गाभ्याचें व्यवहारोपयोगी रोहित्र सिद्ध केलें. त्याचें मर्म समजण्यास मोटेचा दृष्टांत पुरेसा आहे. विहिरींतून दिवसाला ठराविक पाणी काढावयाचें असेल, तर मोठ्या मोटेला थोड्या खेपा पुरतात. रहाटाचे लहान लोटे असतील तर खेपा वाढवाव्या लागतात. पाणी तेवढेंच, भांडें लहान केलें कीं फेरे वाढले. रोहित्राचा गाभा म्हणजे हें भांडें. विजेचीं आवर्तनें सेकंदाला जितकीं अधिक, तितका गाभा लहान चालतो. जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड ह्या देशांत आगगाडीच्या तारांतून सेकंदाला सुमारें १६.७ आवर्तनांची वीज वाहते. म्हणून तेथील एंजिनांना जड रोहित्रें वागवावीं लागतात. आपल्या घरांतली वीज ५० आवर्तनांची. विमानांत वजन हा जिव्हाळ्याचा प्रश्न, म्हणून तेथें ४०० आवर्तनें योजण्याची चाल पडली. चार्जरांत तर घरची वीज आधीं एकदिश करून मग तिचे सेकंदाला लाखभर, कधीं त्याहूनही अधिक, तुकडे पाडतात. आणि म्हणूनच तेथें सुपारीवर भागतें.

गोष्ट एवढ्यावरच संपती, तर लघुत्व हें निसर्गानें फुकट दिलेलें दान ठरलें असतें. परंतु निसर्ग सावकार आहे. तो उसनें देतो आणि व्याजासह वसूल करतो. फेरे वाढले कीं प्रत्येक फेऱ्यामागें सांडणारें पाणीही वाढतें. गाभ्यांतील चुंबकत्वाला प्रत्येक आवर्तनांत एकदां ह्या दिशेस आणि एकदां त्या दिशेस वळावें लागतें. ह्या वळण्याला जो विरोध होतो त्याची उष्णता होते. स्टाइनमेट्झ ह्या शास्त्रज्ञानें १८९२ सालीं ह्या हानीचा नियम आंकड्यांत मांडला: प्रत्येक आवर्तनामागील हानि चुंबकीय तीव्रतेच्या सुमारें १.६ व्या घाताप्रमाणें वाढते. त्याशिवाय धातूच्या गाभ्यांत भोंवऱ्यासारखे प्रवाह फिरूं लागतात, ते वेगळेच. खांबावरच्या रोहित्रांतील पोलादी पत्रे लाख आवर्तनांवर चालवूं गेल्यास ते तापून निकामी होतील. टोकिओ येथें काटो व ताकेइ ह्या दोघांनीं १९३० सालीं फेराइट हा पदार्थ शोधून काढला आणि ह्या अडचणींतून वाट निघाली. तो वीज फारशी वाहूं देत नाहीं, म्हणून भोंवरे आवरतात. पण पोलाद जितकें चुंबकत्व पेलतें त्याच्या पाव हिस्साच तो पेलतो, आणि काचेसारखा तडकतो. तांब्याचीही तीच कथा. आवर्तनें वाढलीं कीं प्रवाह तारेचें अंतरंग सोडून तिच्या सालींतून वाहूं लागतो. ५० आवर्तनांवर ही साल सुमारें ९ मिलिमीटर जाड असते. लाख आवर्तनांवर ती एका मिलिमीटरच्या पंचमांशाएवढीच उरते. म्हणून जाड तारेऐवजीं केसासारख्या अनेक तारांचा पीळ घालावा लागतो, आणि त्यांवरील लेपानें पुन्हां जागा खाल्ली जाते.

शेवटचा आणि सर्वांत निष्ठुर कर भूमितीचा आहे. वस्तूची प्रत्येक बाजू निम्मी केली तर तिचें घनफळ आठवा हिस्सा होतें, पण पृष्ठभाग चौथाच हिस्सा होतो. आंत उत्पन्न होणारी उष्णता पूर्वीइतकीच राहिली, तर पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून तिला चौपट प्रमाणांत बाहेर पडावें लागेल. ती पडली नाहीं तर वस्तु तापते. आणि फेराइटच्या पुष्कळ प्रकारांचा स्वभाव असा कीं, ८० ते १०० अंशांच्या आसपास त्यांतील हानि सर्वांत कमी असते व त्यापुढें ती वाढत जाते. म्हणजे तापल्यामुळें हानि आणि हानीमुळें आणखी ताप, असें दुष्टचक्र सुरू होतें. तेव्हां वस्तु लहान करूं पाहणारास दोनच वाटा उरतात: एकतर आंतील अपव्यय कमी करावा, नाहीं तर तो कोणाच्या तरी अंगावर ढकलावा. आमच्या लेखाचा सगळा विषय ह्या दोन वाटांच्या फांट्यावर उभा आहे.

पहिली वाट ज्ञानाची. २०१४ सालीं गूगल आणि अमेरिकेंतील विद्युत्‌अभियंत्यांची संस्था आयईईई ह्यांनीं एक स्पर्धा जाहीर केली. २,००० व्होल्ट-अँपियर शक्तीचा इन्व्हर्टर करावयाचा, आणि त्याच्या प्रत्येक घन इंचामागें निदान ५० वॅट तरी मिळाले पाहिजेत, अशी अट होती. बक्षीस दहा लक्ष डॉलर्सचें. २०१६ सालीं बक्षीस मिळविणाऱ्या बेल्जियमच्या संघानें सुमारें १४० वॅटपर्यंत मजल मारली. हें त्यांनीं केवळ दाबून, कोंबून केलें नाहीं. त्यांना नव्या जातीचे स्विच, नवी मांडणी, उष्णता वाहून नेण्याची नवी युक्ति, आणि मुख्य म्हणजे अपव्यय टिपून टिपून काढण्याची दृष्टि लागली. येथें जागा गेली खरी; पण तिच्या जागीं ज्ञान आलें. आम्ही ह्याला काटकसर म्हणतों. अनुभवी गृहिणी मूठभर धान्यांत जें निभावते तें नवशिकीला पायलीभरांत निभावत नाहीं, तशांतलीच ही गोष्ट. अशा लघुत्वाला आम्ही निःसंशय गुण मानतों, कारण तें कोणाच्याही ताटांतला घास काढून घेत नाहीं.

येथें जुन्याचे अभिमानी आमच्यावर रागावतील. पूर्वीच्या वस्तु कशा दणकट असत, एकदां घेतलेला पंखा नातवंडांपर्यंत पुरे, हल्लींचें सारें पोकळ, असें ते म्हणतात. ह्या तक्रारींत तथ्य आहे, पण तें त्यांना वाटतें तेथें नाहीं. जुन्या यंत्राचा जाडपणा सर्वस्वीं सद्भावनेचा नसे. पदार्थ नेमका किती सोसतो हें ठाऊक नसलें म्हणजे करणारा अंदाजानें दुप्पट लोखंड घाली. तो एक प्रकारें अज्ञानाचा कर होता, आणि तोही कोणी तरी भरीतच असे. तें तांबें कोणत्या तरी खाणींतून कोणी तरी खणून काढलेलें होतें. लोखंडी गाभ्याचे जुने अॅडॅप्टर कांहीं काम करीत नसतांही एखाद-दोन वॅट वीज पीत बसत. उलट युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणें एप्रिल २०२० पासून ४९ वॅटपर्यंतच्या साध्या चार्जरानें रिकामपणीं ०.१ वॅटपेक्षां अधिक वीज घेतां कामा नये. कोट्यवधि घरांचा हिशेब केला तर हा फरक लहान नाहीं. तेव्हां जड तें नीतिमान् आणि हलकें तें लबाड, अशी विभागणी करतां येत नाहीं. जाडीमागेंही आळस असूं शकतो.

पण आतां त्याच सुपारीच्या आंत आणखी एक गोष्ट पाहावयाची आहे. पहिल्या वेटोळ्याचा संबंध भिंतींतल्या विजेशीं असतो. त्यावर सव्वातीनशें व्होल्टचा दाब असतो. दुसऱ्या वेटोळ्याचा संबंध तारेनें मोबाइलशीं, आणि मोबाइलच्या द्वारें एखाद्या लहान मुलाच्या हाताशीं असतो. ह्या दोहोंच्या मध्यें विद्युत्‌रोधक पट्ट्यांचे थर आणि कांहीं मिलिमीटरचें अंतर राखावें लागतें. हें अंतर कोणतेंही काम करीत नाहीं. त्यांतून शक्ति वाहत नाहीं. उलट, दोन वेटोळीं दूर गेल्यामुळें रोहित्राच्या गुणांत थोडी घटच येते. जागेचा हिशेब करणाऱ्या डोळ्याला तो शुद्ध अपव्यय दिसतो. आणि खरोखरच वर्षाच्या तीनशें पासष्ट दिवसांत त्याचा कांहीं उपयोग होत नाहीं. ज्या एका दिवशीं आकाशांत वीज कडाडून तारेंत दाबाची लाट येते, किंवा दमट हवेनें आंतील रोध कच्चा होतो, त्या दिवशीं तेवढें अंतर मुलाच्या हाताच्या आड उभें राहतें.

२०१६ सालीं यूएल ह्या अमेरिकन परीक्षणसंस्थेनें एका प्रसिद्ध कंपनीच्या नांवाखालीं विकले जाणारे ४०० नकली चार्जर तपासले. विद्युत्‌रोधाच्या मूलभूत कसोटीला त्यांतले तीनच उतरले. बारा तर इतके वाईट होते कीं, त्यांपासून प्राणघातक धक्का बसण्याची भीति होती. हे चार्जर दिसावयास अस्सलासारखेच लहान होते. बाहेरून पाहतां दोघांचें लघुत्व एकच. पण अस्सल वस्तु लहान झाली ती ज्ञान घालून, आणि नक्कल लहान झाली व स्वस्तही झाली ती दुसऱ्याच्या संरक्षणाचा वांटा काढून घेऊन. ह्या दुसऱ्या लघुत्वाला आम्ही कसर म्हणतों. भाषेनें हे दोन शब्द एकमेकांच्या इतके जवळ ठेवले आहेत, ह्याचें आम्हांस नवल वाटत नाहीं. काटकसरींत कसर दडलेलीच आहे. तिच्यांतला काट कोणाला लागतो, एवढाच काय तो प्रश्न.

नकली मालाची निंदा करणें सोपें आहे, आणि तेथेंच थांबलों तर आम्हीं वाचकांस कांहींच सांगितलें नाहीं असें होईल. खरी अडचण मधल्या प्रदेशांत आहे. अज्ञानापोटीं ठेवलेली जाडी टाकून द्यावी; जीवितरक्षणाचें अंतर सोडूं नये; हें दोन्ही टोकांना स्पष्ट आहे. परंतु ह्या दोहोंच्या मध्यें काळाची म्हणून एक शिल्लक असते, ती डोळ्यांस दिसत नाहीं. मॉन्टसिंजर ह्या अभियंत्यानें १९३० सालीं रोहित्रांतील रोधक वेष्टणांचा अभ्यास करून असा नियम सांगितला कीं, तपमान ८ अंशांनीं वाढलें म्हणजे वेष्टणाचें आयुष्य निम्में होतें. निरनिराळ्या पदार्थांना हा आंकडा थोडाफार बदलतो, तत्त्व बदलत नाहीं. आतां समजा, एखाद्या योजकानें आपलें रोहित्र पूर्वीपेक्षां १६ अंश अधिक तापूं दिलें. तें लहान होईल, स्वस्त होईल, आणि उद्यां त्याला कांहींही होणार नाहीं. त्याचें आयुष्य मात्र चौथ्या हिश्श्यावर आलें. कोणी मेलें नाहीं, कोणास चटकाही बसला नाहीं. विकत घेणाराचीं कांहीं वर्षें तेवढीं गुपचुप वस्तूच्या आकारांत विरघळून गेलीं. ह्याला चोरी म्हणावें काय?

सरसकट होकार देतां येत नाहीं. एखादें यान ठराविक पांच वर्षांच्या कामगिरीसाठींच अवकाशांत जावयाचें असेल, तर त्याच्या रोहित्राला पन्नास वर्षांचें आयुष्य देणें हा उधळेपणा होय. तेथें आयुष्याचा त्याग करून वजन वांचविणें शहाणपणाचें आहे. तोच त्याग, त्याच आंकड्यांचा, चार्जरांत किंवा पिकाला पाणी देणाऱ्या पंपाच्या नियंत्रकांत केला तर आपल्याला खुपतो. आंकडे तेच असतांना न्याय कां बदलावा? कारण, आमच्या मतें, नीति आंकड्यांत नसून निर्णय करणारा आणि त्याचे परिणाम भोगणारा ह्यांच्या नात्यांत असते. यानाच्या बाबतींत वजन वांचविणारा व आयुष्याचें नुकसान सोसणारा एकच आहे, आणि त्याला दोन्ही ठाऊक आहेत. चार्जराच्या बाबतींत लाभ एकाचा, झीज दुसऱ्याची, आणि दुसऱ्याला ह्या देवघेवीची वार्ताही नाहीं.

हवेचेंच उदाहरण घ्या. शक्ति-रोहित्रांचें आंतरराष्ट्रीय मानक सभोंवतींच्या हवेचें तपमान फार तर ४० अंश धरतें. आपल्याकडील वितरण-रोहित्रांचें भारतीय मानक तें ५० अंशांपर्यंत धरतें, कारण तें ज्यांनीं लिहिलें त्यांना आपला उन्हाळा ठाऊक होता. उलट, थंड प्रयोगशाळेंत २५ अंशांवर तपासलेलें एखादें लहानगें उपकरण मे महिन्यांत विदर्भांतल्या पत्र्याच्या छपराखालीं, जेथें बाहेरचाच पारा ४५ अंशांच्या वर चढतो, तेथें चालूं लागतें तेव्हां त्याच्या हिशेबांतली वीस अंशांची शिल्लक पहिल्याच दिवशीं संपलेली असते. त्याच्या योजकानें कांहीं खोटें सांगितलें असें नाहीं. त्यानें आपला ग्राहक कोण, एवढेंच मनांत आणलें नाहीं. कांहीं कसर अशी द्वेषानें अथवा लोभानें होत नाहीं. ती विस्मरणानें होते, आणि विसर बहुधा गरिबाचाच पडतो.

कांट ह्या तत्त्वज्ञानें १७९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या चिरस्थायी शांततेवरील निबंधांत राज्यकर्त्यांसाठीं एक कसोटी सांगितली आहे. तिचा आशय असा कीं, दुसऱ्यांच्या हक्कांवर परिणाम करणारें जें धोरण उघड सांगितल्याबरोबर फसेल, तें अन्यायाचें होय. ही कसोटी राज्यकारभारापुरतीच ठेवण्याचें कारण नाहीं. योजकानें आपल्या मनाशीं म्हणावें: "ही वस्तु लहान करण्यासाठीं मीं जें काढलें, तें मी वेष्टणावर छापावयास तयार आहें काय?" निकामी लोखंड काढलें असेल तर तो आनंदानें छापील, ती त्याची जाहिरातच ठरेल. पांच वर्षें टिकणारी वस्तु पांच वर्षांची म्हणून विकली, तर तेंही छापतां येईल. पण "दोन वेटोळ्यांमधलें अंतर आम्हीं निम्में केलें आहे", किंवा "आपल्या गांवच्या उन्हाळ्यांत ही वस्तु दोनच वर्षें चालेल", हें छापतांना ज्याचा हात थरथरेल, त्यानें काटकसर सोडून कसर आरंभिली असें खुशाल समजावें. वर सांगितलेल्या स्पर्धेचीच गोष्ट पाहा. तिच्या अटी आधीं जाहीर झाल्या होत्या. अंतिम परीक्षा १०० तासांची होती, हेंही उघड होतें. त्या १०० तासांत मिळविलेला विजय निर्मळ आहे. तोच आंकडा तासांचा उल्लेख गाळून दहा वर्षांच्या वापरासाठीं कोणी मिरवूं लागला, तर दोष स्पर्धेचा नव्हे, त्या गाळण्याचा.

ह्यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे, आणि तो आम्हांस हलका वाटत नाहीं. ग्राहकालाच लहान व स्वस्त वस्तु हवी असते. तो दुकानांत दोन चार्जर हातांत घेतो आणि हलका तेवढा निवडतो. त्याच्या इच्छेविरुद्ध त्याचें रक्षण करण्याचा मक्ता योजकाला कोणीं दिला? शहाण्या माणसाला आपलें हित आपण ठरवूं द्यावें, हें स्वातंत्र्याचें तत्त्व नव्हे काय? आमचें उत्तर असें. संमतीला ज्ञानाचा आधार लागतो, आणि ह्या बाबतींत तें ज्ञान ग्राहकापासून वस्तूच्या रचनेनेंच लपविलेलें असतें. आकार डोळ्यांस दिसतो, वजन हाताला कळतें, किंमत चिठ्ठीवर असते. वेष्टणाचे थर, तारांमधलें अंतर, आंतलें तपमान हीं मात्र प्लास्टिकच्या सांधा नसलेल्या डबींत बंद असतात. जेथें एक गुण दिसतो आणि दुसरा दिसत नाहीं, तेथें बाजार दिसणाऱ्या गुणाला बक्षीस देतो व न दिसणाऱ्याला दंड करतो. प्रामाणिक कारागिराचा चार्जर किंचित् मोठा व किंचित् महाग, म्हणून तोच दुकानांत पडून राहतो. अशा स्थितींत ग्राहकाच्या निवडीचा हवाला देणें म्हणजे डोळे बांधलेल्या माणसाला "वाट तूंच निवडलीस" असें सुनावण्यासारखें आहे.

म्हणून मानकें हवींत, परीक्षणसंस्था हव्यात, आणि नियमांमागें दंडही हवा, ह्याविषयीं आमच्या मनांत शंका नाहीं. पण कायद्यानें सारें भागेल असेंही आम्हांस वाटत नाहीं. कायदा कमींत कमी काय असावें तें सांगतो; आणि स्पर्धेच्या रेट्यांत हें "कमींत कमी" हळूहळू "जास्तींत जास्त" होऊन बसतें. शिवाय मानक हें कालच्या अनुभवाचें सार असतें. नवी युक्ति निघाली कीं तिच्या धोक्यांना मानकांत शब्द सांपडेपर्यंत कांहीं वर्षें जातात. ह्या मधल्या काळांत वस्तूच्या आंत किती शिल्लक ठेवावी, हें ठरविणारा एकच माणूस असतो, आणि त्या वेळीं त्याला कोणी पाहत नसतें. ज्या प्रश्नाचें उत्तर चुकलें तर दहा वर्षांनीं कळेल, आणि तेव्हांही कोणाचें चुकलें तें कळणार नाहीं, असा प्रश्न सोडवितांना मनुष्य जसा वागतो तीच त्याची खरी परीक्षा.

आपल्या योगशास्त्रानें अष्टसिद्धि सांगितल्या आहेत. अणुएवढें होण्याची अणिमा आणि हलकें होण्याची लघिमा ह्या त्यांत आहेत. पण जड होण्याची गरिमाही त्याच यादींत आहे, हें आपण विसरतों. सुरसेच्या मुखांत शिरून बाहेर येतांना अंगठ्याएवढा झालेला मारुति द्रोणागिरि उचलतांना अंगठ्याएवढा राहिला नाहीं. लघुत्वाला प्रसंग असतो. आणि पतंजलीनें तर असल्या साऱ्या सिद्धींना समाधीच्या मार्गांतलीं विघ्नें म्हटलें आहे: सिद्धि हेंच साध्य वाटूं लागलें कीं साधकाची वाट चुकते. घन इंचामागें किती वॅट, ही आधुनिक अणिमा आहे. ती साधणें हें कौशल्य. परंतु ती कशासाठीं साधावयाची, ह्याचें उत्तर तिच्यापाशीं नाहीं.

आणि हा विचार यंत्रांपुरताच ठेवण्यासारखा नाहीं. संस्था, कचेऱ्या, शाळा ह्यांनाही आज आपण त्याच फूटपट्टीनें मोजूं लागलों आहों. इस्पितळांतली रिकामी खाट, शिक्षकाचा मोकळा तास, घरांतला कोणतेंही काम न करणारा वडीलधारा माणूस, हे सारे हिशेबनीसाच्या डोळ्यांस अपव्यय वाटतात. कांहीं अपव्यय असेलही. आळसाचें समर्थन आम्हांस करावयाचें नाहीं. पण उन्हाळ्यांत कोरडें पडलेलें नदीचें पात्र ज्यांनीं रिकामी जागा समजून बांधून काढलें, त्यांना पावसाळ्यांत कळतें कीं, तें रिकामें नव्हतें; तें राखलेलें होतें. रिकामें आणि राखलेलें ह्यांतला भेद डोळ्यांनीं ओळखतां येत नाहीं. तो ओळखण्यास ही जागा कोणासाठीं राखली आहे, असा प्रश्न विचारावा लागतो, आणि ज्याच्यासाठीं ती राखलेली असते तो बहुधा त्या वेळीं समोर हजर नसतो.

हॉलंडमधील स्नूक ह्या शास्त्रज्ञानें १९४८ सालीं फेराइटाविषयीं एक मर्यादा दाखवून दिली. गाभा चुंबकत्वाला जितका अधिक अनुकूल, तितकी त्याची अतिवेगवान् आवर्तनें सोसण्याची शक्ति कमी. एकीकडे वाढविलें कीं दुसरीकडे घटतें. पदार्थ बदला, घडण बदला, तुम्ही त्या मर्यादेला थोडें पुढें सरकवाल. जमाखर्चाची वही मात्र बंद करूं शकणार नाहीं. निसर्गाला ह्या वहींत खोटी नोंद चालत नाहीं. मनुष्याला तेवढें एक करतां येतें: जमा आपल्या नांवावर मांडून खर्च दुसऱ्याच्या नांवावर मांडणें. शास्त्रानें वस्तु लहान करावी, अजून लहान करावी. आम्हीं तिला आकाराची मर्यादा घालीत नाहीं. आमचें मागणें इतकेंच आहे कीं, जो काट मारील त्यानें तो आपल्या नांवावर मांडावा.